स्वल्पविराम किती घालायचे?

"मॅडम, एका मेलमध्ये स्वल्पविराम किती घालायचे असतात?"

जानेवारी सरत आला होता, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता आणि ताई दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमधली पाळी संपवून थेट आनंदवल्लीला माझ्याकडे आल्या होत्या. अंगात अजून स्वेटर, कारण दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये आत-बाहेर चालू असतं. ओढणीला तो नाकात चढणारा गंधकाचा वास. पेटी बंद करण्याआधी घडांवर ग्रेपगार्डचा कागद ठेवतात, त्याचा. मी चहा पुढे केला, पण त्यांनी आधी वही उघडली, तारीख घातली आणि आमटीत मीठ किती घालू, इतक्या साधेपणानं हा प्रश्न विचारला. काही मेलमध्ये चार-पाच स्वल्पविराम दिसतात, काहींत एकही नसतो, हॉलंडचा खरेदीदार तर फारच कमी वापरतो, आणि ऑफिसातले साहेब म्हणतात की तुम्ही जास्त घालता. मग प्रमाण काय?

त्या संध्याकाळी आम्ही दोन-चार वाक्यं घेऊन बसलो, ताई शेवटच्या बसनं घरी गेल्या, पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. त्यामागं जी समजूत होती ती मला स्वस्थ बसू देईना. नियम आहे, तो सगळ्यांना माहीत आहे, शाळेत कधीतरी एके दिवशी तो सांगितला गेला आणि नेमक्या त्या दिवशी आपण गैरहजर होतो, अशी ती समजूत. मराठी माध्यमात शिकलेल्या किती जणांच्या मनात ती रुतून बसलेली असते, हे इंग्रजी शिकवता शिकवता मी आयुष्यभर पाहिलं आहे. इंग्रजी कागद समोर आला की चांगली कर्तीसवरती माणसं अंग चोरून बसतात. ताई पॅकहाऊसमध्ये बायकांची अख्खी लाइन सांभाळतात. घडातला कुठला मणी कात्रीनं काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे लांबून बघून सांगतात. अठरा मिलिमीटरचा मणी त्यांना हातात न घेता कळतो. आणि याच ताई मेल पाठवण्याआधी ती पुन्हा पुन्हा वाचतात, आणि पाठवल्यावरही त्यांच्या छातीत धडधडत राहतं.

धडधडायला कारण घडलं होतं. आदल्या हंगामात खरेदीदाराशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला की मी सोमवारी पैसे पाठवतो. ताईंनी ऑफिसला कळवलं, "द बायर सेड दॅट आय विल सेंड द मनी ऑन मंडे." ऑफिसातल्या कुणीतरी त्या मेलचा फोटो काढला, त्यातल्या 'आय'भोवती लाल गोल केला आणि कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. खाली हसणारे चेहरे. ताई पैसे देणार म्हणे, ताई आता मालकीणबाई झाल्या म्हणे. हे मला सांगताना त्यांची मान खाली होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

कारण त्या वाक्यात अडाणीपणा नाही. मराठीच्या नियमानं ते वाक्य पुरेपूर बरोबर आहे. "तो म्हणाला की मी येतो" असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला 'मी' म्हणजे तो, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. 'की'च्या पलीकडे मूळ माणूस स्वतःच्या तोंडानं बोलतो. त्याचा 'मी' तसाच राहतो, त्याचा काळ तसाच राहतो, त्याचा 'उद्या'ही उद्याच राहतो. इंग्रजीत 'दॅट' आला की त्या माणसाचं बोलणं सांगणाऱ्याच्या ताब्यात जातं. मग 'आय'चा 'ही' होतो, 'विल'चा 'वुड' होतो, 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' होतो. सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचं. दोन्ही रीती तितक्याच शहाण्या आहेत. पण शाळेत आम्हाला काय मिळतं, तर डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळवतात आणि पुढे नोकरीत 'बायर सेड दॅट आय' लिहितात, कारण आपल्या भाषेत आपण हे काम कसं करतो, तेच त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ज्याला चूक म्हणून लाल गोल केला जातो, तो बहुतेक वेळा मराठीचा एक पक्का नियम असतो. तो इंग्रजीत आणला गेला, एवढंच. शिकवणाऱ्याला हे ठाऊक असलं, तर शिकणाऱ्याची मान खाली जायचं कारण उरत नाही.

मी ताईंना म्हटलं, तुम्हाला त्या माणसाचा 'मी' ठेवायचा आहे ना, मग ठेवा की. 'दॅट' काढा. 'द बायर सेड' लिहा, स्वल्पविराम द्या, अवतरण उघडा, "आय विल सेंड द मनी ऑन मंडे" लिहा, पूर्णविराम, अवतरण बंद. मराठीत जे काम 'की' करतो ते इंग्रजीत या चार बारीक खुणा करतात. ताईंनी वाक्य लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे शब्द बरोबर होते," त्या म्हणाल्या. "खुणा राहिल्या होत्या."

अवतरणचिन्ह म्हटलं की मला अण्णा आठवतात. आमचे वडील रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचे अक्षरखिळे जुळवून छपाईचा मजकूर उभा करणारे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीच्या दिवसांत हँडबिलं, आणि अधूनमधून एखादं इंग्रजी काम. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचे. शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, ट्रेडल मशीनची एकसुरी धडधड, आणि दिव्याखाली लाकडी केससमोर उभे असलेले अण्णा. मराठीच्या खिळ्यांना इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागत. काने, मात्रा, जोडाक्षरं, रफार, सगळ्यांची जागा वेगळी, आणि अण्णांचा हात न बघता त्या खणापर्यंत जायचा. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी इंग्रजी मजकूर ते बिनचूक जुळवत. हस्तलिखितातला एकेक आकार ओळखायचा, तो खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उलटा बसवायचा. अर्थ कळायच्या आधी त्यांच्या हाताला इंग्रजी विरामचिन्हं कळली होती. पूर्णविरामानंतर जागा सोडायची, स्वल्पविरामाच्या आधी नाही सोडायची, नव्या वाक्याचं पहिलं अक्षर मोठ्या केसमधून घ्यायचं.

त्यांच्यासाठी स्वल्पविराम ही बोटांत धरायची वस्तू होती. शिशाची, वजन असलेली, पैसे मोजून आणलेली, आणि संपली तर काम अडवणारी. अवतरण उघडायला ते स्वल्पविरामाचेच दोन खिळे घेऊन उलटे बसवत, आणि बंद करायला ॲपॉस्ट्रॉफीचे दोन. इन्व्हर्टेड कॉमा हे नाव मी वर्गात नंतर ऐकलं. त्याआधी अण्णांच्या बोटांत ते उलटं होताना पाहिलं होतं. एकदा एका पत्रकात मला एक स्वल्पविराम जास्तीचा वाटला, तो काढू का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "कागदात आहे ना? मग राहू दे. लिहिणारा आपल्यापाशी नाही विचारायला." ते वाक्य मला पुढे व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलं. लिहिणारा समोर नसतो, वाचणारा समोर नसतो, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत एवढीशी शिशाची खूण काम करत असते.

शाळेत मात्र सांगायचे की वाचताना श्वास घ्यावासा वाटला की तिथं स्वल्पविराम. हा सल्ला खूप जुना आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस यानं सुमारे 2200 वर्षांपूर्वी ग्रीक मजकुरासाठी ठिपके सुचवले. ठिपका ओळीच्या खाली, मध्ये किंवा वर; उंचीवरून वाचणाऱ्यानं ओळखायचं की किती थांबायचं. तेव्हा ग्रीकमध्ये शब्दांत मोकळी जागाही सोडत नसत, आणि वाचन मोठ्यानं व्हायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीची शिळाप्रेसवर छापलेली पोथी आठवली. तिच्यातही शब्द एकमेकांना चिकटलेले, ओवी संपली की दोन उभे दंड, मध्ये खूण म्हणून काही नाही. श्रावणात आजी ती पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी ओसरीवर बसून वाचायची, ओळीवर बोट ठेवून, आणि कधी चुकीच्या जागी थांबली असं झालं नाही. ओवीची चालच तिला थांबा सांगायची. तिचा श्वास आणि मजकुराचा अर्थ एकाच ठिकाणी संपायचे.

मोडीतही तसंच. आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद पाहिले तर वाक्य कुठं संपलं हे सांगणारी खूण नाही. पण वाचणारा अडत नाही, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'आहे', 'केले', 'पाठविले' आलं की वाक्य मिटलं, कानाला ते कळतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येऊन जातं, आणि नंतर वाक्य कितीही लांबू शकतं. ते कुठं थांबलं हे शब्दांवरून कळेलच असं नाही. म्हणून मला वाटतं, इंग्रजीला पूर्णविरामाची जितकी गरज आहे तितकी आपल्याला कधी भासलीच नाही. आपल्याकडे ही चिन्हं आली ती इंग्रजी छापील पुस्तकांच्या मागोमाग. मेजर थॉमस कँडी, ज्यांनी मोल्सवर्थसाहेबांबरोबर शब्दकोशाचं काम केलं आणि 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश काढला, त्यांनी 1850 साली मराठी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा मोकळं हसू आलं. रोज सकाळी 'देशदूत' वाचताना त्या ज्या स्वल्पविरामांवरून डोळे फिरवतात, तेही इंग्रजीकडूनच आलेत. त्यांची ओळख आधीच झालेली आहे, आणि तेव्हा कुणी त्यांच्यावर हसलं नव्हतं.

पण श्वासाचा सल्ला इंग्रजी मेलला पुरत नाही, हेही खरं. ताईंच्याच कामातलं वाक्य घेऊ. "द ग्रेप्स पॅक्ड इन द मॉर्निंग शिफ्ट ॲट द न्यू पॅकहाऊस आर रेडी फॉर लोडिंग." हे मोठ्यानं वाचलं तर 'पॅकहाऊस'पाशी दम लागतो, 'आर'च्या आधी थांबावंसं वाटतं. तिथं स्वल्पविराम देता येत नाही. 'द ग्रेप्स'पासून 'पॅकहाऊस'पर्यंत सगळा एकच कर्ता आहे, आणि कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम घालून त्यांना तोडायचं नाही. आजचा इंग्रजी स्वल्पविराम श्वास दाखवतो त्यापेक्षा वाक्याचे सांधे जास्त दाखवतो. मग मी ताईंना विचारलं, या वाक्यात सांधे किती? त्यांनी विचार करून सांगितलं, एकही नाही. मग स्वल्पविराम किती? एकही नाही. पुढचं वाक्य मीच दिलं: व्हेन द कंटेनर रीचेस द पोर्ट, वी विल सेंड द डॉक्युमेंट्स. इथं 'जेव्हा'चं वाक्य संपतं आणि 'तेव्हा'चं सुरू होतं. आपण त्या जागी 'तेव्हा' हा अख्खा शब्द ठेवतो. इंग्रजीत तो शब्द नाही, त्याच्या जागी स्वल्पविराम आहे. जो-तो, जिथं-तिथं, जसं-तसं, जर-तर, या जोड्यांवर मराठी उभी आहे. ती जोडी सांगून मी शिकवायला लागले की ताईंचं पेन आपोआप बरोबर जागी जायचं.

त्यांचे जास्तीचे स्वल्पविराम वेगळ्या ठिकाणी होते. "द कंटेनर हॅज रीच्ड, द टेम्परेचर इज ओके, द डॉक्युमेंट्स आर कुरिअर्ड, प्लीज रिलीज द पेमेंट." मराठीत ही अतिशय सुंदर चाल आहे. गाडी आली, माल उतरला, पावती फाडली, पैसे मिळाले. आपलं प्रत्येक वाक्य क्रियापदावर बंद झालेलं असतं, म्हणून स्वल्पविरामानं गुंफलं तरी सैल होत नाही. इंग्रजीत मात्र पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य नुसत्या स्वल्पविरामानं जोडणं दोष मानतात. पूर्णविराम द्या, 'अँड' घाला, नाहीतर अर्धविराम वापरा. तो अर्धविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशिअसच्या छापखान्यात घडला. खिळ्यांशी झगडणाऱ्या कुणाला तरी स्वल्पविराम अपुरा आणि पूर्णविराम फार वाटला असणार, आणि त्यानं नवा खिळा पाडून घेतला. अण्णांना हे कळलं असतं तर ते किती रमले असते.

'द'ची गोष्ट सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात गोडही. मराठीत ते उपपदच नाही, म्हणून ते एकतर सगळीकडे घातलं जातं किंवा कुठंच नाही. मी ताईंना पर्समधली शंभराची नोट काढायला सांगितली. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, निम्म्या नाशिकरोडच्या घरांत कुणी ना कुणी तिथं नोकरीला असतं, पण नोटेवरचं इंग्रजी वाक्य वाचतो कोण? "आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज." गव्हर्नरांना ठाऊक नाही नोट कुणाच्या हातात जाईल. शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या, ताईंच्या. तरी 'अ बेअरर' लिहिलेलं नाही, 'द बेअरर' लिहिलं आहे, कारण या घडीला ही नोट ज्याच्या हातात आहे तो माणूस एकच आहे, ठरलेला आहे, आणि वचन त्यालाच आहे. ताई नोट धरून बसल्या होत्या. "म्हणजे आत्ता मी," त्या म्हणाल्या. हो, आत्ता तुम्ही.

आणि हा भेद मराठीला परका नाही. "मजूर बोलाव" म्हटलं तर कुणीही चालेल. "मजुराला बोलाव" म्हटलं तर तो ठरलेला. 'ला'नं आपण तेच साधतो. "एक बाई आली होती" यातला 'एक' मोजायला नसतो, तो 'अ' असतो. पुढच्या वाक्यात "ती बाई" झाली की 'द' आला. हे सगळं आपण तिसऱ्या वर्षी बोलायला लागतो तेव्हापासून करतो. राहिल्या त्या इंग्रजीच्या सवयी, आणि त्या पाठच कराव्या लागतात. 'द गोदावरी' म्हणायचं, कारण नदीला लागतो. नाशिकला लागत नाही, पंचवटीला लागत नाही. एकट्या ब्रह्मगिरीला लागत नाही, पण 'द सह्याद्रीज' म्हणताना अख्ख्या रांगेला लागतो. याला खोल कारण शोधू नये. दगड पुल्लिंगी, माती स्त्रीलिंगी आणि लोखंड नपुंसकलिंगी का, हे मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण तरी कुठं सांगू शकतो?

एका बाबतीत मात्र ताईच मला शिकवत होत्या. हॉलंडहून आलेल्या कागदावर पेटीचं वजन 4,5 किलो लिहिलेलं होतं. तिकडे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात आणि हजार तोडायला टिंब. आपण 1,25,000 लिहितो, इंग्रज 125,000 लिहितो, डच माणूस 125.000 लिहितो. ताईंना हे बोटांवर पाठ होतं, कारण त्यात गफलत झाली तर कंटेनरचा हिशेब कोसळतो. आकड्यांतला स्वल्पविराम त्या न घाबरता वाचत होत्या, कारण तो त्यांना कामानं शिकवला होता, ग्रुपवरच्या कुणी नाही. कॉलेज रोडवर एका महिन्यात फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पाट्या रांगेनं लागलेल्या आहेत. तिथून बाहेर पडलेली मुलं मी बघते. धाडस येतं, उच्चार सुधारतात, हे चांगलंच आहे. पण लिहायची वेळ आली की तीच मुलं गप्प होतात. बोलताना हात असतात, चेहरा असतो, समोरच्यानं कपाळाला आठी घातली तर वाक्य फिरवता येतं. लिहिताना यातलं काहीच बरोबर जात नाही.

त्यावरून मी त्यांना अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ड्रायव्हरांचा खटला सांगितला. त्या राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम कुठल्या कामांना मिळणार नाही याची यादी होती, नाशवंत मालाच्या कामांची. डबाबंद करणं, प्रक्रिया, साठवण, सुकवणं अशी कामं ओळीनं लिहिलेली आणि शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन". 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, इथं फक्त पॅकिंगचं काम वगळलंय, पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग. आम्ही पॅकिंग करत नाही, वितरण करतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. 2017 मध्ये अपील कोर्टानं मान्य केलं की वाक्य संदिग्ध आहे आणि संदिग्ध असेल तर कामगाराच्या बाजूनं वाचायचं. 2018 मध्ये डेअरीनं 50 लाख डॉलरवर तडजोड केली. दरम्यान राज्यानं कायद्यातली ती यादी बदलली आणि कामांच्या मध्ये अर्धविराम घातले. आनंदवल्लीत राहणाऱ्या मला एका अक्षरानं काय होतं हे कुणी सांगायला नको. नारायणरावांच्या त्या हुकूमातला 'ध' खरंच बदलला गेला की ती लोकांनी रचलेली गोष्ट, ते इतिहासकारांनी ठरवावं. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या गावातली मुलं मात्र ती ऐकतच वाढतात. पण मेनचा खटला कोर्टाच्या निकालपत्रात आहे, आणि त्यात कुणाचा जीव गेला नाही, उलट कष्टाचे पैसे मिळाले, म्हणून मला तो सांगायला आवडतो.

ताईंनी तो अगदी लक्ष देऊन ऐकला. स्वल्पविराम कुठं नव्हता हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मग ओव्हरटाइम सगळ्यांना मिळाला ना?"

पुढच्या आठवड्यात त्या एकट्या आल्या नाहीत. लाइनवरच्या आणखी दोघी बरोबर होत्या, एक जण तर लेकराला कडेवर घेऊन. वही एकच, पण त्यात मराठीत एक अर्ज लिहून आणलेला. हंगामात रात्रीच्या पाळ्या लांबतात, त्या तासांचा हिशेब मिळावा, म्हणून. मालक पुण्यात असतात, त्यांचं सगळं काम इंग्रजीत चालतं, म्हणून अर्ज इंग्रजीत हवा होता, आणि तो मी लिहून द्यायचा नव्हता. त्यांना स्वतः लिहायचा होता.

पहिल्याच ओळीला अडलो. "आम्ही पाच वर्षांपासून इथे काम करतो." लेकराच्या आईनं विचारलं, पाच वर्षांपासून आणि 2019 पासून, दोन्हीकडे पासूनच आहे, मग इंग्रजीत 'फॉर' आणि 'सिन्स' दोन कशाला? मी त्यांनाच विचारलं, दोन्हीत फरक काय दिसतो? त्या तिघींनी आपापसांत बरीच चर्चा केली. पाच वर्षं ही लांबी झाली, 2019 ही जागा झाली, असं शेवटी त्यांनीच सांगितलं. लांबीला 'फॉर', जागेला 'सिन्स'. क्रियापदाचंही तसंच निघालं. मराठीत 'करतो' म्हटलं की भागतं. इंग्रजीत आधी सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'हॅव बीन वर्किंग' म्हणावं लागतं. "हे बरं आहे," ताई म्हणाल्या, "अजून चालू आहे हे त्यातच येतं."

मग मधला परिच्छेद. गेल्या हंगामात साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की जास्तीच्या तासांचे पैसे मी मार्चअखेर देतो. हे कसं लिहायचं यावर कुणाला माझी गरज पडली नाही. ताईंनी 'दॅट' लिहिला, थांबल्या, खोडला. स्वल्पविराम दिला, अवतरण उघडलं आणि साहेबांचा 'आय' साहेबांच्याच तोंडात ठेवून वाक्य पूर्ण केलं. "आय विल पे फॉर द एक्स्ट्रा अवर्स बाय द एंड ऑफ मार्च." पूर्णविराम, अवतरण बंद. पुढे ते कधी आणि कुठं म्हणाले, त्याची तारीख. दुसरीनं विचारलं की 'ही प्रॉमिस्ड टू पे' असं लिहिलं तर सोपं नाही का. ताईंनी मान हलवली. "नाही. त्यांचेच शब्द हवेत. आपण आपल्या शब्दांत सांगितलं तर म्हणतील, मी असं म्हणालोच नव्हतो."

अर्ज दोन पानी झाला आहे. 'एक्स्ट्रा अवर्स'च्या आधी 'द' ठेवायचा की नाही यावर अजून एकमत नाही. माझं मत ठेवावा असं आहे, कारण ते तास ठरलेले आहेत, रजिस्टरमध्ये नोंदलेले आहेत. सह्या करायला लाइनवरच्या बाकीच्या बायका रविवारी सकाळी येणार आहेत. प्रत्येकीला तो मराठीत वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची, असं ताईंनी ठरवलं आहे. तेवढ्या खुर्च्या माझ्याकडे नाहीत, म्हणून शेजारून मोठी सतरंजी मागून ठेवली आहे.